काच निवडताना

मोती चौकात, मुजावरांच्या दुकानात
पंधरा मिनिटांत मी तीनदा उड्या मारल्या.
"मारा, शेडगे मॅडम," दस्तगीरभाई म्हणाले,
"आरशात सगळेच बरे दिसतात.
चष्मा घाटाला लावायचाय, तोंडाला नाही."

पहिला घामाआधीच नाकावरून घसरला.
दुसरा कानामागे चावला.
तिसरा टिकला, म्हणून बुटाची नाडी बांधायला वाकले
तर थेट फरशीवर.
फुटला नाही.
"हेही बघायचंच होतं," म्हणत त्यांनी तो फडक्यानं पुसला.

सत्तेचाळीसाव्या वर्षी,
हाडांच्या डॉक्टरांनी नको म्हटल्यावर,
मी धावायला लागले.
पहाटे समर्थ मंदिरापासून निघायचं,
यवतेश्वर चढेपर्यंत अंधार सोबतीला असतो.
उतरताना मात्र सूर्य समोर उभा,
उधारी मागायला आल्यासारखा.

पिशवीतून माझा जुना काढला.
जत्रेतला, एकशे वीसचा, काळाकुट्ट.
त्यांनी गल्ल्यातून पाचशेची नोट घेतली,
एका चिमुकल्या बॅटरीचा जांभळा उजेड तिच्यावर सोडला.
नोटेतले बारीक धागे चमकले.
मध्ये माझी काच धरली : चमकतच राहिले.
मध्ये त्यांची काच धरली : विझले.

"काळी म्हणजे चांगली, असं नसतं.
काळोख झाला समजून बाहुली दार सताड उघडते,
आणि जे यायला नको
तेच पाय न पुसता आत येतं."

मी नोटेकडे बघत राहिले.
अण्णा एमआयडीसीत वेल्डर होते.
घाईच्या दिवशी हातातली काच बाजूला ठेवून,
एक डोळा मिटून टाका मारायचे.
रात्री डोळ्यांत वाळू.
आई बटाट्याच्या चकत्या ठेवायची पापण्यांवर,
आणि ते पडून राहायचे,
छताकडे तोंड करून, न बोलता.
सकाळी चकत्या काळ्या पडलेल्या.
मला वाटायचं, रात्रभर
उजेडच उतरलाय त्यांच्यात.

त्याच काचेतून त्यांनी मला एकदा ग्रहण दाखवलं होतं.
सूर्य हिरवा. वाटाण्याएवढा. कोपरा खाल्लेला.

"मॅडम, रंग?"

राखाडीतून अजिंक्यतारा होता तसाच,
रेडिओ बारीक केल्यागत.
पिवळी धुक्यासाठी, म्हणाले, ती श्रावणात बघू.
पोलराइज्ड नको :
"ओल्या डांबराची चमक ती पुसून टाकते,
आणि कुठं ओलंय ते चमकच सांगते."
तपकिरीतून मात्र दारासमोरचा रस्ता
एकदम खरखरीत झाला.
खडी, खड्डा, गटाराच्या झाकणाची कड,
सगळं बोटानं चाचपावं असं.

"हिलाच पाऱ्याचा मुलामा मिळेल?"
का, ते त्यांनी विचारलं नाही.
बोगद्यापाशी बाकड्यावर बसतात ती पोरं
त्यांनाही ठाऊक असावीत.
("काकू, मागं कुत्रं लागलंय का?")
मी कुणाकडे बघते
ते कुणाला कळू नये, एवढंच.

अठराशे पन्नास.
सोसायटीचा लाभांश आला होता, तो गेला.
नाकाशी रबर, कडेला वाऱ्याला फट,
डोक्यामागून दोरी.

रविवारी उतरताना
पहिल्यांदाच डोळे पूर्ण उघडे ठेवून सूर्याच्या अंगावर धावले.
खाली शहर तांबूस, भाजलेल्या विटेसारखं.
तिसऱ्या वळणावर
कठड्याचा लोखंडी पाइप जोडत एक पोरगा बसलेला,
मान वळवून, एक डोळा मिटून.
निळी ठिणगी.

ओरडायला दम उरला नव्हता.
म्हणून त्याच्याकडे बघत
माझ्या काचेवर बोटानं टकटक केलं,
दोनदा, तीनदा :
लाव रे, लाव काहीतरी.

त्यानं वर पाहिलं,
पाऱ्यात स्वतःला पाहिलं बहुतेक,
केस नीट केले
आणि अंगठा दाखवला :
भारी दिसतोय, काकू.